पाच मिनिटं नुसतं बसून दाखवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी कुठे गफलत झाली असेल तर इथेच कळेल. वय ३९. ऐरोलीत आयटी कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर, राहायला घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. ऑफिस साडेनऊ ते साडेसात, घरी जेवून पुन्हा दहा ते बारा लॅपटॉप, शनिवारी सकाळी “थोडंसं”. गणपतीत चार दिवस गावी गेलात, तिथे रेंज नव्हती. दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं आणि घरच्यांवर खेकसत राहिलात. कंपनीच्या हेल्थ चेकअपमध्ये बीपी १४८/९४ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी) ६.१ आलं. मिसेस म्हणतात, हे व्यसन आहे. तुम्ही विचारता, मला काम आवडतं, यात चूक काय? आणि लगेच पुढच्या ओळीत: दोनदा कमी करायचं ठरवलं, दोन्ही वेळा पंधरा दिवसांत फसलं, आता कसं करू?

चूक काहीच नसती तर दुसरा प्रश्न तुम्ही विचारलाच नसता. शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलंयत, “मुलगा सात वर्षांचा आहे, हल्ली माझ्याकडे काही मागतच नाही.” त्याच्याकडे नंतर येते.

मी फॅमिली डॉक्टर आहे, मानसोपचारतज्ज्ञ नाही. ऐरोलीत १९९६ पासून दवाखाना आहे, आणि मधली अकरा वर्षं रबाळ्याच्या एका कारखान्यात दुपारचे तीन तास डॉक्टर म्हणून जात होते. त्यामुळे मशीनवर घाम गाळणारे आणि एसीत बसून घाम फुटणारे, दोघांनाही तपासलंय.

पहिली गोष्ट तासांची. तुम्ही लिहिलंय “आठवड्याला पन्नासेक तास”. मी तुमच्याच वेळांची बेरीज केली. साडेनऊ ते साडेसात, पाच दिवस, पन्नास. रात्रीचे दोन तास, पाच रात्री, दहा. शनिवारचं “थोडंसं” चारपाच तास तरी असणार. पासष्टच्या आसपास गेलं, आणि प्रवास धरलेलाच नाही. दारू किती घेता विचारलं की पेशंट बिअर सोडून सांगतात, तसं झालं हे.

पण नुसत्या तासांवरून मी कुणाला रोगी ठरवत नाही. कारखान्यात मशीनवरचा एक मुलगा आठवड्याला तीन-तीन डबल ड्युट्या मारायचा. बहिणीचं लग्न होतं. लग्न झालं, पतपेढीचं कर्ज फिटलं, आणि हा पठ्ठ्या ओव्हरटाइमला सरळ नाही म्हणायला लागला. सुपरवायझर माझ्याकडे आला, “मॅडम, ह्याला काय झालंय जरा बघा.” त्याला काही झालं नव्हतं. पैसे हवे होते तेवढे मिळाले होते. तो दमलेला होता, पण कामात अडकलेला नव्हता.

तेव्हा तुमचं उत्तर बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, आणि ती परिस्थिती मला इथून दिसत नाही. रात्री दहाला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल असतोच असतो का? साहेब बारा वाजता मेसेज टाकून उत्तराची वाट बघतात का? घराचा हप्ता एवढा आहे का, की अप्रेझल हुकलं तर गणित कोलमडेल? असं असेल तर तो नोकरीचा प्रश्न आहे. त्यावर ध्यान, प्राणायाम सांगणं म्हणजे गळक्या छताखाली बादली सरकवत बसणं. टीम बदला, नोकरी बदला, किमान साहेबांशी एकदा बोला. पण त्याआधी मागच्या सहा महिन्यांतला एक आठवडा आठवा, ज्यात खरोखर काही जळत नव्हतं. क्लायंट सुट्टीवर, रिलीज झालेलं. त्या आठवड्यात रात्री दहाला तुम्ही काय करत होतात? लॅपटॉपच उघडून बसला असाल, तर कामाने तुम्हाला बोलावलं नव्हतं. तुम्ही काम शोधून काढलंत.

हे ओळखायची माझी एक घरगुती पद्धत आहे. बीपी मोजण्याआधी पेशंटने पाच मिनिटं शांत बसायचं असतं. पाठ टेकलेली, पावलं जमिनीला, हात टेबलावर, बोलायचं नाही. हा नियमच आहे, मी काढलेला नाही. मी फक्त त्यात फोन माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवायला लावते. साधा माणूस दोन मिनिटांत पेंगायला लागतो, पंख्याकडे बघतो, भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो. तुमच्यासारख्याचा हात दुसऱ्या मिनिटाला खिशावर जातो. खिसा रिकामा आहे हे माहीत असतं, तरी जातो. मग पाय हलायला लागतो. मग प्रश्न येतो, “झाली का पाच मिनिटं?” एका गृहस्थांनी तर माझ्या टेबलावरच्या गोळ्यांच्या सॅम्पलच्या पट्ट्या एक्स्पायरीनुसार लावून दिल्या. छान लावल्या होत्या, तो भाग वेगळा.

ज्याला काम आवडतं त्याला ते करताना मजा येते. जो कामात अडकलाय त्याला ते करताना फारशी मजा येत नाही, पण न करताना बेचैन व्हायला होतं. तुमचं गावचं डोकं दुखणं मला त्यातलं वाटतं. अर्थात चहा-कॉफी रोज सहा कप घेत असाल आणि गावी दोनच मिळाले असतील, तर कॅफिन तुटल्यानेही डोकं दुखतं, तेही तपासा.

मिसेसच्या “व्यसन” या शब्दावर तुम्ही चिडलेले दिसता. वैद्यकशास्त्राच्या पुस्तकी अर्थाने तुमचं बरोबर आहे. आजारांच्या ज्या दोन मोठ्या याद्या आम्ही वापरतो, आयसीडी-११ आणि डीएसएम-५, त्यांत कामाचं व्यसन नावाचं निदान नाही. बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार पिळून निघणं, आयसीडी-११ मध्ये आहे, पण तोही आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून. पण तो शब्द मिसेसनी हवेतून काढलेला नाही. ‘वर्कोहोलिक’ हा शब्द वेन ओट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ-धर्मोपदेशकाने साधारण पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी ‘अल्कोहोलिक’वरून बनवला, आणि बनवला तो स्वतःकडे बघून. पाच वर्षांच्या मुलाने ऑफिसात भेटायची अपॉइंटमेंट मागितली, तेव्हा त्यांचे डोळे उघडले असं सांगतात.

ही गोष्ट मला हसण्यावारी नेता येत नाही. २००७ च्या जूनमध्ये माझ्या दवाखान्यात तेवीस नंबरला कंपाउंडरने नाव पुकारलं आणि आत आला माझा नवरा. पन्नास रुपये भरून नंबर लावला होता. मुलीच्या अकरावीसाठी कोणत्या कॉलेजांचे फॉर्म भरायचे ते ठरवायचं होतं, शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती, आणि घरी मी भेटत नव्हते. सकाळी नऊ ते दोन, दुपारी कारखाना, संध्याकाळी सहा ते अकरा, रविवारी अर्धा दिवस. मी त्याला काय म्हणाले असेन? “बाहेर अजून नऊ जण आहेत.” हे मी खरंच म्हणाले. त्यामुळे वरून उपदेश करायची माझी लायकी नाही, पण रस्ता ओळखीचा आहे.

नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये सात प्रश्नांची एक मोजपट्टी काढली. गेल्या वर्षभरात, कामासाठी आणखी वेळ कसा काढता येईल याचा विचार किती वेळा केलात? ठरवलं त्यापेक्षा जास्त वेळ काम झालं का? अपराधी वाटणं, काळजी, उदासी दाबायला काम केलंत का? कमी कर असं कुणी सांगितलं आणि तुम्ही ऐकलं नाहीत, असं झालं का? काम करू दिलं नाही तर ताण येतो का? छंद, व्यायाम, विरंगुळा मागे पडला का? तब्येतीवर परिणाम झाला का? सातांपैकी चार ठिकाणी “बरेचदा” किंवा “नेहमीच” येत असेल तर दखल घ्यावी, असं ते म्हणतात. तुमच्या पत्रातूनच मी पाच मोजले. पण माझ्या मते या सातांतला तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे. काम कशावर औषध म्हणून घेताय?

इथे ठाण्याची एक गोष्ट सांगावी लागेल. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कितीतरी कारखाने एकामागून एक बंद पडले. तिथल्या कामगारांची तेव्हा शाळेत असलेली मुलं आज चाळीस-पन्नाशीची आहेत आणि ऐरोली, घणसोलीच्या काचेच्या इमारतींत बसतात. त्यांतले बरेच माझे पेशंट. असाच एक जण, बीपीसाठी यायचा, चौथ्या खेपेला त्या पाच मिनिटांत आपणहून बोलायला लागला. बोलायचं नाही असा नियम आहे, पण मी थांबवलं नाही. तो नववीत असताना वडिलांचा कारखाना बंद झाला. वडील तरी रोज साडेपाचला उठायचे, आंघोळ, दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि सहा वाजता गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या पाळीची बस सहा-दहाला खालून जायची. ती गेली की आत येऊन शर्ट काढून हँगरला लावायचे. दोन वर्षं. “मला खुर्चीत नुसता बसलेला माणूस बघवत नाही मॅडम,” तो म्हणाला, “मी स्वतः असलो तरी.”

सगळ्यांच्या मागे असा कारखाना असतो असं नाही. कुणाला वाटतं आपण मुळात तेवढे हुशार नाही, उघडं पडू. कुणाला घरात शिरून बोलण्यापेक्षा एक्सेल सोपं वाटतं. काहींच्या घरी तर लहानपणापासून “रिकामटेकडा” ही सगळ्यांत मोठी शिवी होती. तुमचं काय आहे ते मला माहीत नाही. पण ते कळेपर्यंत “सात वाजता लॅपटॉप बंद” हा निश्चय टिकत नाही. तुम्ही औषध बंद केलंत आणि दुखणं तसंच ठेवलंत, पंधरा दिवसांत परत गोळीकडे गेलात.

इथपर्यंतचं थोडक्यात: तास जास्त आहेतच, पण मूळ अडचण कामाशिवायच्या वेळेत होणारी बेचैनी आहे, आणि उपाय तिथून सुरू करायचा.

आता शरीर. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्रित अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून जास्त तास करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त आढळला. शंभरातल्या पस्तीस जणांना झटका येतो असा याचा अर्थ नाही. मुळातला धोका शंभर धरला तर तो एकशे पस्तीस होतो. पण तुमचा मुळातला धोकाच बीपी आणि साखरेने चढवून ठेवलाय, म्हणून मला हे आकडे तुमच्यासाठी महत्त्वाचे वाटतात. यातला काही भाग ताणाच्या हार्मोन्सचा. बराचसा मात्र साधा आहे: दहा-बारा तास बसणं, रात्री नऊनंतर जेवण, सहा तासांपेक्षा कमी झोप, रद्द झालेलं चालणं.

कामाचा विषय बाजूला ठेवून आधी चार गोष्टी तपासून घ्या. एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. इथून मागे फिरता येतं, तीन महिन्यांनी पुन्हा बघा. थायरॉइड तपासा, कारण ते वाढलं तरी माणूस बेचैन, चिडका, सतत पळता राहतो. घोरता का आणि मधेच श्वास अडकतो का, हे मिसेसना विचारा (तुम्हाला ते माहीत असणं शक्य नाही). चौथी गोष्ट जरा नाजूक आहे. अधूनमधून असे काही दिवस येतात का, की तीन-चार तासच झोप होते पण थकवा नाही, डोक्यात कल्पनांचा धबधबा, खर्च सुटलेला, बोलणं थांबत नाही? तसं असेल तर तो कामसूपणा नसून मूडचा आजार असू शकतो, आणि तिथे माझा सल्ला पुरणार नाही, मानसोपचारतज्ज्ञच हवेत.

हे सगळं ठीक निघालं तर मी माझ्या पेशंटना जे करायला लावते ते सांगते. पहिले तीन आठवडे तास कमी करू नका. हो, नका. रोज फक्त वीस मिनिटांचं भोक पाडा. तुमच्या बाबतीत मी वेळही सांगू शकते. तुमच्यासारखे बरेच जण घरी पोचतात आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून “शेवटचे दोन मेल” संपवतात. एकाच्या सोसायटीचा वॉचमन त्याला रोज तिथेच सलाम करायचा. ती वीस मिनिटं घ्या. फोन गाडीत ठेवून इमारतीभोवती फिरा किंवा खालच्या बाकावर बसा. पॉडकास्ट नाही, पावलं मोजणं नाही, वर आल्यावर काय करायचं याची यादी नाही. पहिल्या आठवड्यात छातीत कालवाकालव होईल, काहीतरी राहिलंय असं वाटेल, कंटाळा तर इतका येईल की राग येईल. ते दाबू नका आणि त्याच्यापासून पळूही नका, किती चढतं आणि कधी उतरतं ते बघा. उतरतं. पेशंट सांगतात त्यावरून बहुतेकांचं दहा-पंधरा मिनिटांत उतरायला लागतं. हे एकदा स्वतःच्या अंगावर अनुभवलं की सात वाजता लॅपटॉप मिटणं सोपं होतं, कारण मिटल्यावर काय येणार आहे ते ओळखीचं झालेलं असतं.

दुसरी गोष्ट ऑफिसातून निघतानाची. अर्धवट राहिलेलं काम डोक्यात घुमत राहतं, पूर्ण झालेलं विसरलं जातं, हे ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२७ मध्येच प्रयोगांतून मांडलं. म्हणून निघण्याआधी कागदावर तीन ओळी लिहा: काय राहिलंय, ते उद्या किती वाजता घेणार, पहिलं पाऊल काय. कागद ड्रॉवरमध्ये ठेवून निघा. फोनवर लिहू नका, फोन घरी येतो.

शनिवार, हाताखालच्यांना काम सोपवणं, रजा, हे त्यानंतर. एकदम नको.

आता तो मुलगा. मागत नाही म्हणजे समजूतदार झालाय असं आईबाप समजतात. माझ्या अनुभवात मूल मागणं थांबवतं ते मिळत नाही हे पाठ झाल्यावर. मला यात घाबरवायचं नाही, सात वर्षांचं मूल भरभर माफ करतं. पण चुकूनही महाबळेश्वरची सहल ठरवू नका. अपराधी वाटणारा बाप हमखास तेच करतो, आणि रिसॉर्टचा वायफाय पासवर्ड सगळ्यांत आधी तोच विचारतो. त्यापेक्षा एक छोटं, कंटाळवाणं, ठरलेलं काम उचला. दर रविवारी त्याची नखं काढणं. वह्यांना कव्हरं घालणं. मंगळवार-गुरुवारी स्कूलबसपर्यंत सोडणं. जाहीर करू नका, नुसतं करा, सहा आठवडे न चुकता. आणि तेवढ्या वेळात त्याला अभ्यासाचं विचारू नका.

मिसेसच्या बाबतीत एक धोका आधीच सांगून ठेवते, कारण तो कुणी सांगत नाही. तुम्ही घरी लवकर यायला लागलात की पहिला महिना भांडणं वाढतील. इतकी वर्षं त्यांनी तुमच्याशिवाय चालेल असं घर बसवलंय. कामवाल्या बाईंची वेळ, मुलाची ट्यूशन, रात्रीचं जेवण, सगळं घट्ट बसलेलं. त्यात तुम्ही सातला येऊन उभे राहता, हात रिकामे, आणि सवयीने मॅनेजरगिरी सुरू: फ्रिज असा का लावलाय, गॅस सिलेंडरची नोंद कोण ठेवतं. मी स्वतः घरी लवकर यायला लागले तेव्हा पहिल्या आठवड्यात मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावली होती. नवऱ्याने ती दुसऱ्या दिवशी काढून टाकली, न बोलता. तेव्हा सुधारायला जाऊ नका. “मी काय करू?” असंही सारखं विचारू नका, तेही त्यांच्यावर एक कामच होतं. भाजी निवडायला बसा.

आणि त्यांना एक विचारा, एकदाच, आणि उत्तर मधे न तोडता ऐका: “मी घरी असतो तेव्हाही नसतो, असं तुला कधी वाटतं?” बहुतेक तारखेसकट उत्तर मिळेल.

हे दोन-तीन महिने करूनही जमलं नाही, किंवा बेचैनीच्या मागे काहीतरी मोठं दडलंय असं जाणवलं, तर समुपदेशकाकडे जा, त्यात कमीपणा नाही. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. झोपेसाठी रोज दारू लागत असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर दोन-तीन महिने थांबायचं नाही, आजच फोन करा. छातीत दाब, घाम, डाव्या हातात कळ, तोंड वाकडं होणं, जीभ अडखळणं, यातलं काही झालं तर फोनबिन न करता तडक हॉस्पिटल. “कॉल संपवून जातो” म्हणालेला एक पेशंट माझ्या लक्षात आहे, त्याच्याबद्दल इथे लिहीत नाही.

बीपीचं राहिलं. १४८/९४ हा एका दिवसाचा आकडा आहे, त्यावरून निदान करत नाहीत. घरी सात दिवस मोजा, सकाळी आणि रात्री, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. आधी अर्धा तास चहा-कॉफी नको. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरचं माप १३५/८५ किंवा वर असेल तर बीपी आहे असं धरायचं, आणि गोळी लागली तर लागू दे. काम कमी केलं की आपोआप उतरेल म्हणून दोन वर्षं घालवू नका. प्रत्येक वेळी आधी पाच मिनिटं बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत. मुलाला घड्याळ लावून बसायला सांगा, त्या वयात त्यांना असली राखणदारी फार आवडते. आकडे वहीत लिहून जवळच्या डॉक्टरांना दाखवा. मशीन दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको.